मोडलेली रवी

दादा, माझ्या हातानं केलेल्या वस्तू आधी सांगतो: सागवानी लाटणी, शिसवी रव्या, शाळांसाठी मणी मोजायच्या चौकटी, दोन लेथ, त्यातली एक भंगारातल्या वॉशिंग मशीनच्या मोटरवर, आणि छप्पर सोडून कुकटपल्लीतला हा सगळा कारखाना. हे तुम्ही शिकवलंत असं लोक समजतात. मी शिकलो ते तुमची पाठ फिरल्यावर.

आज राहवत नाहीये. सकाळी माझी मुलगी, तुम्ही न पाहिलेली नात, लेथवर रवी करत होती. पटाशी खोल गेली आणि दांड्याची मान कटकन मोडली. आता ही काय करते, म्हणून मी बघत राहिलो. आणि ती दोन्ही तुकडे घेऊन सरळ माझ्यापाशी आली. "बाबा, हे बघा काय केलंय मी. पटाशी फार उतरती धरली ना?" वर म्हणते, "जरा सरका, उजेड अडवलाय तुम्ही." मी सरकलो, आणि बायकोला फोन केला. ती म्हणाली, "रवी मोडली म्हणून पेढे वाटायचे का?"

वाटावेत. बेगम बाजारातल्या आपल्या खरादीच्या, लाकूड कातायच्या दुकानात मोडलेला माल मी भुशाच्या पोत्यात खोल दाबायचो. का मोडला हे विचारणार कुणाला? तुमच्या हातात लाटणं आणि माझी बोटं जवळच. रात्री त्याच बोटांना खोबरेल लावायचात, तेही विसरलो नाही. पण जी मान कापायला मला वर्षं लागली, ती तिला एका उन्हाळ्यात जमते आहे. मार खाणारं पोर आधी लपवायला शिकतं, काम मागाहून.

मारणारे तुम्ही एकटे नव्हतात. जामबागच्या शाळेत घातलंत तेव्हा मास्तरांना हसत म्हणालात, "हड्डी हमारी, चमडी तुम्हारी." रांगेतला प्रत्येक बाप तेच म्हणत होता. शेजारच्या तेलुगू घरात कान धरून उठाबशा, समोरच्या शिंपी चाचांकडे कान धरून वाकवलेला मुर्गा, आपल्याकडे लाटणं. बोली तीन, पण हात वर गेला की पोरांच्या माना सारख्याच आत जायच्या.

मुलीला मराठी धड वाचता येत नाही, म्हणून पुढचं मोकळेपणानं लिहितो. गेल्या आठवड्यात एका निवासी कोचिंगचा मॅनेजर आला. सगळ्या शाखांसाठी फळ्यावर दाखवायच्या काठ्या हव्या होत्या. "लवचीक पाहिजेत. टूटना नहीं, भाई." फळ्यावर दाखवायला काठी वाकायची काय गरज? तरी वेताचा नमुना केला, आणि फार सुरेख झाला. त्यानं तो हवेत सपकन फिरवला. मी, पन्नाशीतला मालक, खाली वाकलो. मुलगी बघत होती. नाही म्हणालो. त्यानं कारण विचारलं, तर वेत मिळत नाही असं खोटंच सांगितलं. काम तीन लाख चाळीस हजारांचं होतं.