आनंदा खळं टाकून पळाली नव्हती

मी, मनकर्णाबाई, कै. चंद्रभानजी उमाटे यांची विधवा, वय अदमासे बासष्ट, धंदा शेती, राहणार मौजा केळझर, जिल्हा वर्धा, मध्यप्रदेश, हे मृत्युपत्र आपल्या राजीखुशीने सांगून लिहवीत आहे. पुरती शुद्धीवर आहे. कोणी धाकात ठेवलेले नाही. मला धाकात ठेवणारा या गावात अजून जन्मायचा आहे. लिहिता येत नाही, म्हणून शाळामास्तर अण्णाजी लिहीत आहेत. त्यांनी माझे शब्द सुधारू नयेत.

कलम १. ओढ्याकाठचे सहा एकर शेत मला माझ्या वडिलांनी दिले. ते शेत, राहते घर आणि मोऱ्या-हरण्या ही बैलजोडी माझ्यामागे माझी सवत आनंदाबाई हिला मिळावी. मला मूल होत नाही म्हणून मालकांनी तिला आणले. तिलाही झाले नाही, तेव्हा दोष कोणाचा हे लोकांनी आपले समजून घ्यावे. मालकांना जाऊन नऊ वर्षे झाली. तेव्हापासून शेती आम्ही दोघीच करतो, पण तिच्या नावावर वीतभर जमीन नाही. मी लिहून दिले नाही तर माझ्या तेराव्यानंतर तिला आष्टीला भावाच्या दारात उभे राहावे लागेल.

कलम २. माझा हा विचार कळल्यावर मालकांचा पुतण्या चि. गुलाब म्हणाला, "खळं टाकून पळालेल्या बाईच्या हाती वावर देता काय, काकू? उद्या पुन्हा पळाली त?" सारे गाव हेच मानते. म्हणून खरे काय झाले ते सांगणे मला भाग आहे.

सात वर्षांपूर्वी चैत्रात आमच्या खळ्यात गव्हाची मळणी चालू होती. आनंदाने बैलांच्या तोंडची मुसकी काढून टाकली. म्हणाली, "दिवसभर गहू तुडवतेत बिचारे, दोन घास खाल्ले त काय झालं?" ऊन मी म्हणत होते आणि माझे डोकेही ठिकाणावर नव्हते. मी म्हटले, "तुह्या बापाचा गहू हाये काय? जाय आपल्या माहेरी!" तिने बैलांना पाणी पाजले, अंगावरचा भुसा झटकला आणि गेली. मी हाक मारली नाही. तिसऱ्या दिवशी छान वारा सुटला. पण गहू उपणायला दोघी लागतात, एकीने वर उभे राहून धार सोडायची, दुसरीने खालून टोपली द्यायची. गावात ज्याचे त्याचे खळे चालू होते. मी एकटी ढिगाजवळ बसून राहिले. पाचव्या दिवशी अवकाळी पाऊस आला आणि गहू काळा पडला.

लोक विचारू लागले, तेव्हा गणपतीच्या पायऱ्यांवर मी बायांना सांगितले की आनंदा खळं टाकून पळाली. ते खोटे होते. मीच तिला हाकलले होते. पावसाचे कळताच ती आपणहून परत आली. विहिरीवर बायांनी टोमणे मारले, ते ऐकून घेतले आणि अंगणात ओला गहू वाळत घालू लागली. त्या वर्षी आम्ही काळ्या पोळ्या खाल्ल्या. तिने मला कधी जाब विचारला नाही. माझा तिच्यावर फार जीव आहे. तोंडावर कधी म्हटले नाही, म्हणून इथे म्हणते.

कलम ३. बैलांना आम्ही आता मुसकी घालत नाही. ती चि. गुलाबला द्यावीत, बोलताना उपयोगी पडतील. शेताच्या बांधावरच्या, धुऱ्यावरच्या आंब्याचा निम्मा बहारही त्याचाच. पोरगा वाईट नाही, उतावळा आहे.

कलम ४. माझे मरण मळणीच्या दिवसांत आले आणि वारा असला, तर आधी गहू उपणावा, मग रडावे.

अण्णाजींनी वरील सर्व मोठ्याने वाचले तेव्हा आनंदा व गुलाब हजर होते. मी आनंदाला विचारले, इतकी वर्षे गावाला खरे का सांगितले नाहीस? ती म्हणाली, "बाई, खरं सांगतलं असतं त सारं गाव माह्या बाजूनं झालं असतं. मंग तुमच्या बाजूनं कोण राह्यलं असतं?"

हे बोलणे मृत्युपत्रात बसत नाही, असे अण्णाजी म्हणतात. मी म्हटले, बसवा.

पहिली साक्ष रूपरावांची झाली. दुसरीसाठी गावातल्या नरहरपंतांना बोलावणे पाठवणार होतो. गुलाबने टाक मागून घेतला.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा, मनकर्णाबाई उमाटे
साक्षीदार: १. रूपराव नथ्थूजी झाडे
२. गुलाब उमाटे
लिहिणार: अण्णाजी, शाळामास्तर
मुक्काम केळझर, ता. ४ एप्रिल १९५५