चार बोटं आटलेला कोट

३ तारीख

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

सोबत कापड आणि कागदी साचा पाठवते आहे. कोट असा बेतलाय की कापल्यावर कपटाही उरणार नाही. बाहीच्या पोटातून कॉलर निघते, गळ्याच्या गोलातून खिसा. अठराला आमच्या फॅशन कॉलेजच्या परीक्षेचा शो आहे. मागच्या वर्षी मूठभर चिंध्या उरल्या म्हणून नापास झाले. यंदाही तेच झालं तर बाबा त्यांच्या विम्याच्या ऑफिसात बसवणार, टेबलसुद्धा पुसून ठेवलंय. तेव्हा हात कितीही शिवशिवले तरी आपली अक्कल चालवू नका. काजं मामीच करू देत, तुमची नुसती भोकं दिसतात.

लोभ असू द्या, सुधारणा नकोत.
कात्री

९ तारीख

चि. कात्रीस,
अ. आ.

अक्कल मी चालवली नाही, सवयीनं चालली. कोरं कापड आधी भिजवायचं, मग कापायचं, हे शिंप्याच्या अंगवळणी पडलेलं. वाळल्यावर साचा मांडला, तर कापड लांबीला चार बोटं आटलेलं! कॉलरला जागाच नाही. डोकं झाकावं तर पाय उघडे. अजून कापलेलं नाही. तुझी मामी दोन दिवस माझ्याशी बोलत नाही, त्यामुळे दुकानात बरीच शांतता आहे. दुसरं कापड आणू का?

चुकलो. रागावून झालं की लिही.
मामा

१२ तारीख

मामा,
नमस्कार एकच, तोही वयाला.

दुसरं कापड नाही. विणकरानं एवढंच विणलं होतं. मी साचा पुन्हा आखला, सोबत पाठवते आहे. सगळे भाग सारखेच आखूड केले की कॉलरसकट बसतात. फक्त कोट माझ्या उंच मैत्रिणीला होणार नाही. आपल्यात बुटकं कोण? मामी! त्यांनाच शोमध्ये चालवू. आता कापडाला पाणी दाखवाल तर याद राखा.

रागासकट तुमचीच,
कात्री

२० तारीख

चि. कात्रीस,
अ. आ.

पास झालीस, जीव भांड्यात पडला. तू पडद्यामागे होतीस, म्हणून पुढचं सांगतो. परीक्षक बाईंनी मामीला विचारलं की या सगळ्यात वाया काय गेलं. ही माईक धरून म्हणाली की कापड काहीच नाही, पण यांच्या दुकानात काजं करण्यात माझी बत्तीस वर्षं गेली. सगळा हॉल हसला. सगळ्यात मोठ्यानं मी.

घरी आल्यावर मी तिला विचारलं, ‘गंमतच केलीस ना?’ नाही म्हणाली. ते मला फार लागलं. बत्तीस वर्षांत मी तिला एकदाही कापड बेतू दिलं नाही, हे तेव्हा लक्षात आलं.

तुमच्या कॉलेजात वयाची अट आहे का, असं तिनं विचारलंय. उलट टपाली कळव. हे पत्र पेटीत टाकायला ती स्वतःच निघाली आहे, माझ्यावर तिचा भरवसा नाही.

लोभ आहेच, तो तरी आटू नये.
मामा