दर फ्लॅटमागे दोन गाड्या

३ जून
सात महिने वहीला हात लावला नाही, त्याबद्दल दिलगीर आहे. कामात होतो असं लिहिणार होतो, पण इथे खोटं लिहायचं नाही असं पहिल्या पानावर मीच लिहून ठेवलंय. तेव्हा: कंटाळा.

समोर, बंद पडलेल्या लाँड्रीच्या जागेवर वीस मजली टॉवर येतोय. बिल्डरच्या आर्किटेक्टने आज नकाशा दाखवला. इमारत प्लॉटच्या मागच्या टोकाला, पुढे मोकळी जागा आणि झाडं. ऐंशी फ्लॅट, चाळीस पार्किंग. बस आणि स्टेशन जवळ आहे, एवढं पुरे, म्हणाला. ही म्हणाली, म्हणजे माझा उजेड राहिला. हिचं शिवणाचं मशीन आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत असतं. काळ्या कापडावरचा काळा दोरा तिला तिथेच दिसतो.

हिला मोठं चित्र दिसत नाही. उरलेल्या चाळीस गाड्या आमच्याच गल्लीत येणार.

४ जून
स्वतःला विचारलं: हरकत घेण्यात माझा स्वार्थ आहे का? झाडाखालची आमच्या गाडीची जागा जाईल म्हणून? प्रामाणिकपणे विचार केला. गाडी आठ महिने हललेली नाही, मग स्वार्थ कसला?
संकल्प: महिनाभर रोज सकाळी सहाला गल्लीतल्या गाड्या मोजणे.

५ जून, सकाळी ६
३१. आमची धरली नाही. ती पार्क केलेली नाही, नुसती उभी आहे.

६ जून, सकाळी ८.४०
खिडकीतूनच मोजल्या. १४ दिसल्या, झाडामागच्या अंदाजाने धरल्या.

२९ जून
मधल्या दिवसांची सरासरी काढली. सरासरी हीसुद्धा एक प्रकारे मोजणीच.
खालच्या मजल्यावरचे मास्तर म्हणाले, अरे, एवढं पार्किंग मागतोयस, ते ठेवणार कुठे, खिशात? मास्तर भूगोल शिकवायचे. बांधकामाचा विषय त्यांचा नव्हे.

२ जुलै
हरकतीचा अर्ज तयार. अकरा पानं. मागणी: दर फ्लॅटमागे दोन पार्किंग. आधी दीड लिहिलं होतं, पण अर्धी गाडी मनाला पटेना.
हिला वाचून दाखवला. तिसऱ्या पानावर तिने विचारलं, अहो, उजेडाचं यात कुठे आहे? म्हटलं, सार्वजनिक अर्जात घरच्या गोष्टी घालू नयेत. तिने मशीन सुरू केलं. पुढची आठ पानं तिला ऐकू गेली नसावीत.

२१ जुलै
पालिकेत सुनावणी. बिल्डर विरोध करणार म्हणून उत्तरं पाठ करून गेलो होतो. अधिकाऱ्याने विचारलं आणि बिल्डरने एका वाक्यात सगळं मान्य केलं. जिंकलो. दाराशी बिल्डर माझा हात हातात घेऊन म्हणाला, तुमच्यासारखे नागरिक हवेत. बराच वेळ सोडला नाही. आर्किटेक्ट नकाशा गुंडाळत होता, माझ्याकडे बघत नव्हता. हरलेल्या माणसाला डिवचू नये, म्हणून मीही गप्प राहिलो.

९ सप्टेंबर
सुधारित नकाशा फाटकावर लागला. एकशेसाठ गाड्या. त्यासाठी खालचे चार मजले नुसतं पार्किंग, थेट पुढच्या हद्दीपर्यंत. झाडं रद्द. खाली ठळक अक्षरांत: पार्किंगची विक्री स्वतंत्र. गाड्या आत-बाहेर करायचा रस्ता बरोबर आमच्या झाडासमोर, तेव्हा तिथे यापुढे गाडी उभी करायला मनाई.
मास्तर शेजारी उभे राहून वाचत होते. वाचून झाल्यावर आपले घरात गेले. बोलले असते तर बरं झालं असतं.

१० सप्टेंबर
हिला सांगायचा संकल्प.

१४ सप्टेंबर
तिला नकाशा लागला त्या दिवसापासूनच माहीत होतं.

११ मार्च
पार्किंगची भिंत आमच्या खिडकीच्या वर गेली. सकाळी दहाला ही सुईत दोरा ओवत होती. तीनदा चुकला. सुई माझ्या हातात दिली. मलाही जमलं नाही. चष्म्याचा नंबर वाढला असेल, म्हणालो. असेल, म्हणाली. मग एका गिऱ्हाइकाचा काळा कोट घडी करून पिशवीत घातला आणि परत द्यायला गेली.
नंबर वाढलेला नाही.
उद्या: मशीनवर लावायला दिवा आणणे.