ठिणगीच्या पट्टीबाबत व्याहीबुवांस

आदरणीय व्याहीबुवा,

तुम्हाला आणि विहीणबाईंना आम्हा उभयतांचा नमस्कार. विहीणबाईंची अर्धशिशी आता कशी आहे? तुमचा गुडघा जिना चढताना वाजतो म्हणालात, तो अजून वाजतो का, की आवाज थांबून नुसतं दुखणंच उरलं आहे? आमच्याकडे सगळं ठीक. माझा खोकला गेला (आमच्या हिचं म्हणणं, तो कंटाळून गेला). जावईबापूंना आशीर्वाद. आमच्या कन्येला, म्हणजे आता तुमच्या सूनबाईला, मात्र काहीच सांगू नका. हे पत्र आल्याचंसुद्धा नको. फोन न करता कुरियरने पत्र पाठवतोय ते एवढ्यासाठीच, की तुमच्याकडचा फोन नेहमी तीच उचलते, आणि "बाबा, काय काम होतं?" असं तिने विचारलं की मला खोटं बोलता येत नाही. पत्रात येतं.

तुमचं मंगळवारचं पत्र मिळालं. अक्षर पाहूनच मी ताठ बसलो, कारण मुख्याध्यापक असताना तुम्ही ज्या अक्षरात पालकांना बोलावणं धाडत असाल, त्याच अक्षरात ते होतं. मजकूर तीनदा वाचला. येत्या रविवारी आपली दोन्ही घरं तळ्याकाठी तंबूत राहणार, कोणीही काडेपेटी किंवा लायटर आणायचा नाही, विस्तव फक्त तुम्ही आणलेल्या ठिणगीच्या संचानेच पेटवायचा, असा आपला ठराव झाला होता. (ठराव म्हणायचं कारण आपण दोघांनी हात वर केले होते. बाकीचे बघत होते.) आणि आता संचच चालत नाही. तुमचा चालत नाही, आणि मला निवृत्तीची भेट म्हणून दिलेला जोडीचा दुसरा संचही चालत नाही, हे मी गेल्या आठवड्यात कबूल करून बसलोय. त्यावरून तुमचा निष्कर्ष असा, की दुकानदाराने तुम्हाला फसवलं. तो तुमचा जुना विद्यार्थी. गेली वीस वर्षं तुम्ही रस्त्यात दिसलात की स्कूटरवरून उतरून नमस्कार करणारा. शनिवारी ऐन गर्दीच्या वेळी तुम्ही संच त्याच्या काउंटरवर आपटणार, "तुला शिकवलं ते वाया गेलं" एवढंच म्हणणार आणि त्याच्या दुकानाची पायरी पुन्हा चढणार नाही. व्याहीबुवा, शनिवारी जाऊ नका. का जाऊ नका ते सांगायलाच हे पत्र आहे, पण त्यासाठी माझा गेला आठवडा तुम्हाला वाचावा लागेल.

संच तुम्हाला पाठ आहे, तरी मुद्दा स्पष्ट राहावा म्हणून लिहितो. त्यात करंगळीएवढी काळी कांडी असते, तिला फेरो रॉड म्हणतात, आणि दोरीने बांधलेली बोटभर पोलादी पट्टी असते, तो स्ट्रायकर. कांडीवरचा काळा रंग खरवडून टाकायचा, मग पट्टी कांडीवर जोर देऊन ओढली की ठिणग्यांचा पाऊस पडतो, असं डबीतल्या कागदावर छापलंय. माझ्याकडे पाऊस सोडाच, शिंतोडाही उडाला नाही. रंग मी पॉलिश पेपरने काढला, बाहीची बटणं सोडून जोर लावला, पण पट्टी कांडीवरून अशी घसरायची, जणू साबण लावलाय. आता मी चौतीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये फिटर होतो. पोलादाने माझं ऐकलं नाही असं कधी झालं नाही; उशिरा ऐकलं असेल. तेव्हा तुमच्या भेटीला नावं न ठेवता (मनातल्या मनात ठेवली, ती माफ करा) मी चंग बांधला, की रविवारच्या आत चांगला स्ट्रायकर मिळवायचा म्हणजे मिळवायचाच. विहीणबाईंना सकाळी सातच्या आत चहा मिळाला नाही तर त्यांचं डोकं उठतं, आणि त्यांचं डोकं उठलं की तुमच्या घरात काय उठतं ते मी चार दिवस राहून पाहिलेलं आहे.

सुरुवात भाजीच्या सुरीने केली. सुरीची पाठ वापरावी असं सगळे सांगतात. पाठ घसरली. म्हणून उलटी करून धारेने ओढली, तर कांडीची सालं निघाली आणि धार गेली. संध्याकाळी आमच्या हिने टोमॅटो चिरायला घेतला, तो चिरला न जाता भिंतीवर उडाला. मी भिंत पुसली. दुसऱ्या दिवशी कात्रीची पाठ, स्टीलची फूटपट्टी, दाराची कडी आणि नटबोल्ट पिळायचे दोन पाने झाले. चमच्याने तर कांडीवर नुसती चकाकी आली. (चमचा मऊ असतो, स्ट्रायकर कांडीपेक्षा कडक हवा, एवढं मला कळतं, पण माणूस इरेला पेटला की चमच्यालाही संधी देतो.) तिसऱ्या दिवशी करवतीचं पातं आणलं. त्याच्या पाठीने दोन ठिणग्या पडल्या, खरोखर पडल्या, पण उत्साहाच्या भरात पातं मोडलं आणि अर्धं फ्रिजच्या मागे गेलं, ते अजून तिथेच आहे. मग वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंकडे त्यांची मोठी कात्री मागायला गेलो. कशाला हवी असं त्यांनी विचारलं, मी खरं ते सांगितलं, आणि त्यांनी दार लावून घेतलं. एरवी बाई फार चांगल्या आहेत.

पाचव्या दिवशी घरातलं होतं नव्हतं तेवढं लोखंड जेवणाच्या टेबलावर मांडून बसलो होतो. जेवण आम्ही ओट्याशी उभ्याने उरकलं. आमची ही भांडी आवरता आवरता म्हणाली, "या घरात तुमच्या जिभेशिवाय कशालाही कड उरलेली नाही." ऐकून मी चपापलो, कारण ते खरं होतं. तुम्ही शाळेतले, म्हणून खुलासा करतो. धातू कापला की त्याच्या कडा टोचऱ्या राहतात, हात कापतो. म्हणून प्रत्येक तुकड्याच्या कडेवरून हलकी कानस फिरवून ती बोथट करायची, याला आम्ही कड मारणं म्हणायचो. चौतीस वर्षं हे केल्यावर सवय अंगात मुरते. बाकीच्यांच्या खिशात पेन असतं, माझ्या खिशात चार इंची कानस असते. आमच्या घरात गेल्या तीस वर्षांत धातूची कोणतीही वस्तू कानशीखालून गेल्याशिवाय आत आलेली नाही. सुऱ्यांच्या पाठी, कपाटाचे कोपरे, पत्र्याचे डबे, इतकंच काय, हिच्या चष्म्याच्या काड्यासुद्धा. म्हणजे सुरी, कात्री आणि फूटपट्टी का घसरल्या ते मला कळलं. पण तुमची पट्टी का घसरावी ते काही केल्या कळेना, कारण ती तर नवी कोरी होती.

शेवटी ती घेऊन आमच्या कोपऱ्यावरच्या चावीवाल्याकडे गेलो. वह्यापुस्तकांच्या दुकानाच्या जिन्याखाली बसतो, दिवसभर चाव्या घासतो, त्याच्याइतकी कड कोणाला कळणार? आमची हीसुद्धा किल्लीची जोडी करून घ्यायला सोबत आली होती. त्याने पट्टीवर अंगठा फिरवला, ती दिव्याखाली धरली, डोळ्याला भिंग लावलं. 'आजकालचा माल' या विषयावर दोन वाक्यं मी तयार ठेवली होती.

तो म्हणाला, "काका, पट्टी एक नंबर आहे. पण हिच्या कडा कुणीतरी मारल्यात."

त्याने पट्टी उलटून दुसरी बाजू पाहिली.

"आणि हात काय आहे हो त्या माणसाचा. चारी बाजू अगदी एकसारख्या. असं काम आता बघायला मिळत नाही. कुणी केलं?"

व्याहीबुवा, चौतीस वर्षांत माझ्या कामाची एवढी तारीफ कोणी केली नव्हती, आणि केली ती अशा वेळी, की पुढे होऊन 'मीच' म्हणायची सोय नाही. आमच्या हिने तोंड उघडायच्या आत मी पट्टी खिशात टाकली. तुमची भेट उघडल्याबरोबर, बहुधा तुमचे आभार मानायच्याही आधी, माझा हात कानशीकडे गेला असणार. मला आठवत नाही. शिंकलेलं कोणाच्या लक्षात राहतं? जाता जाता चावीवाल्याने मोलाची गोष्ट सांगितली. स्ट्रायकरला सुरीसारखी धार नको, नुसता काटकोन हवा, नव्या खोक्याच्या कोपऱ्यासारखा. पोलाद कडक हवं, पट्टी बोटांत धरण्याइतकी जाड हवी आणि कड काटकोनी हवी, बस्स. म्हणजे चांगला स्ट्रायकर आठवडाभर माझ्याच खिशात होता आणि मी चमच्याच्या मागे लागलो होतो.

घरी येऊन पट्टी बाल्कनीतल्या वाइसच्या जबड्यात आवळली. सपाट कानस घेतली. हात धजेना. ज्या कोपऱ्याला आयुष्यभर उभं राहू दिलं नाही, तोच मुद्दाम उभा करायचा होता. पण मीही हट्टाला पेटलो होतो. कानशीच्या दर दोन हातांनंतर काटकोन तपासायचा गुण्या लावून बघत गेलो, आणि तासाभराने गुण्याच्या आणि पट्टीच्या मधून उजेडाची रेघही दिसेना. कडेवरून अंगठा फिरवला तर कापला. स्वतःचं रक्त पाहून इतका आनंद मला कधी झाला नव्हता. मग व्हॅसलीन चोळलेला कापसाचा बोळा जुन्या तव्यात ठेवला आणि पट्टी जोरात पुढे रेटली, तर पट्टीने बोळाच उडाला आणि खालच्या बिऱ्हाडाच्या वाळत घातलेल्या चादरीवर जाऊन बसला. (पेटलेला नव्हता. चादरीवरचा डाग निघेल, असं मी त्यांना सांगितलंय.) तेव्हा कळलं, की पट्टी जागेवर रोखून धरायची आणि कांडी मागे ओढायची, म्हणजे ठिणग्या पडतात आणि कापूस जागचा हलत नाही. हे तुम्हीही ध्यानात ठेवा. पाचव्या ओढीला बोळा पेटला. मी जरा जास्तच वाकलो होतो, त्यामुळे डावी भुवई अर्धी गेली. आमची ही आली, एकदा जाळाकडे आणि एकदा भुवईकडे पाहिलं, चार काटक्या टाकल्या आणि चहाचं भांडं आणून त्यावर धरलं. दोन कप झाला. धुराचा वास होता, पण झाला.

तेव्हा दुकानदार निर्दोष आहे. माझ्या पट्टीपुरतं मी हे छातीठोकपणे सांगतो. तुमच्या पट्टीबद्दल मी बोलणं बरोबर नाही, ती मी पाहिलेलीही नाही. पण जोडीतली एक चांगली निघाली तर दुसरीही चांगलीच असणार, एवढा साधा तर्क आहे. पट्टी रविवारी घेऊन या, मी कानस आणि गुण्या घेऊन येतो. विस्तव पेटेल आणि विहीणबाईंच्या हातात सातच्या आत चहा असेल, हा माझा शब्द. वीस वर्षं नमस्कार करणारा विद्यार्थी एका पट्टीपायी गमावू नका.

कळावे. लोभ आहेच, तो हे पत्र वाचून झाल्यावरही असू द्यावा.

तुमचा, भुवई सोडून बाकी सुखरूप,
व्याही

ता. क. आमची ही म्हणते, ठराव काही असो, तिच्या पर्समध्ये काडेपेटी असेलच. मी ते ऐकलेलं नाही. तुम्हीही वाचलेलं नाही.

आणखी एक. तुमची पट्टी मी पाहिलेली नाही असं वर लिहिलंय, ते खोटं आहे. गेल्या महिन्यात तुमच्याकडे राहिलो, तेव्हा दुपारी तुम्ही आडवे झाला होता आणि ती खिडकीपाशी पडली होती. कडा बोचत होत्या. कानस खिशात होती. त्याच दुपारी तुमच्या सुऱ्या, कात्री आणि स्वयंपाकघरातल्या कपाटाचे खणही झाले. हे तोंडावर सांगायची माझी हिंमत नव्हती आणि फोनवर सांगायची सोय नव्हती. शनिवारी दुकानात जायचंच असेल, तर त्या बिचाऱ्याकडे बसून चहा पिऊन या. काउंटरवर काही आपटायचं असेल तर रविवारी मी समोर असेनच.

शेवटचं. कारखान्याची सवय म्हणून जे लिहिलं, तेही अर्धंच खरं. कडा सगळेच फिटर मारायचे, पण घरी कानस कोणी आणत नव्हतं. आमची मुलगी तीन वर्षांची असताना मी टूलरूममधून पत्र्याचा एक चकचकीत तुकडा तिला खेळायला आणला. घाईत त्याची कड मारायची राहिली होती. तिच्या उजव्या तळहातावर आडवा व्रण आहे, तुम्ही पाहिला असेल. कोणी विचारलं की 'लहानपणी पडले होते' म्हणून सांगते. तिला माझा राग नाही. मला आहे. ती तुमच्या घरी आली, तशी माझी कानसही तुमच्या घरी यायला लागली, एवढंच. रविवारी तुमच्या पट्टीची एक कड मी काटकोनी करून देईन, विस्तवाला तेवढी पुरते. बाकीच्या तीन बोथटच राहू द्या. सामान आवरताना तिचाच हात लागतो.