फर्नेसच्या पाइपचा उतार

सांगली, ९ ऑक्टोबर २००५

चि. सौ. नेत्रास अनेक आशीर्वाद.

डिसेंबरात बाळ येणार आणि घर तापवणारी फर्नेस नेमकी आत्ताच बंद पडली, हे वाचल्यापासून तुझी आई गप्प आहे. मला ही शांतता मानवत नाही, तेव्हा काम लवकर उरका.

यतीनराव नवी फर्नेस स्वतः बसवणार म्हणे. मागे इथे त्यांनी नळाचा वॉशर बदलला, तेव्हा शेजाऱ्यांनीही पाणी भरून घेतलं होतं. असो. धूर नेणारा पाइप प्लॅस्टिकचा चालतो, कारण धूर बराच गार होतो आणि त्यातल्या वाफेचं पाणी होतं, असं लिहिलंस. मग पाइपला उतार बाहेरच्या बाजूला द्या. पाणी घरात येता कामा नये. पाटबंधारे खात्यात मी तेहतीस वर्षं उतारच पाहिले, हे त्यांना सांग. पुस्तकं काय, काहीही लिहितात.

प्रकृतीला जप, आमची आठवण ठेव.
आबा

नेपरव्हिल, अमेरिका, २० नोव्हेंबर २००५

ती. आबांस शि. सा. न. वि. वि.

तुमच्या आज्ञेप्रमाणे उतार बाहेर दिला. पहिल्याच कडक थंडीत पाइपच्या तोंडाशी ठिबकणारं पाणी गोठलं, तोंड बुजलं आणि फर्नेस आपोआप बंद पडली. दोन दिवस आम्ही शेजारच्या विनीताकाकूंकडे राहिलो. काम तपासायला आलेला नगरपालिकेचा इन्स्पेक्टर म्हणाला, उतार आत हवा. पाणी फर्नेसकडे परत येऊन तिथल्या नळीने मोरीत जातं. सोल्यूशनने चिकटवलेले सांधे सुटतात थोडेच? यतीनने सगळा पाइप कापून नवा घातला. काल काम पास झालं. आता घर छान उबदार आहे, काळजी नसावी.

खरी गंमत पुढे. फर्नेसच्या पुस्तकात उतार आत हवा हेच वाक्य यतीनने आधीच पेन्सिलने अधोरेखित केलेलं सापडलं. विचारलं तर म्हणाला, "आबांनी इतक्या हौसेनं लिहिलं, त्यांना चूक कसं म्हणू?" तुम्हाला कळवायचं नाही असं ठरलंय, तेव्हा तुम्हाला काही ठाऊक नाही.

आईला नमस्कार. माया आहे तशीच असू द्यावी.
नेत्रा

सांगली, ४ डिसेंबर २००५

चि. यतीन यास अनेक आशीर्वाद.

नेत्राच्या पोटात गोष्ट राहत नाही, हे लग्नाआधी सांगायचं राहिलं. तिची आई मात्र पुन्हा बोलू लागली आहे आणि विषय मीच आहे.

चूक माझी. जागा पाहिल्याशिवाय उतार सांगू नये, हे मीच हाताखालच्या लोकांना बजावत असे. पण रागही आला. माझा मान राखायला तू माझ्या अवघडलेल्या लेकीला दोन दिवस दुसऱ्याच्या घरी ठेवलंस. पोटचा मुलगा असता तर पत्र वाचताक्षणी म्हणाला असता, "आबा, तुम्हाला यातलं कळत नाही." तुझ्याकडून मला तेच हवं होतं.

आम्ही अठराला पोचतो. विमानतळावर नमस्कार नंतर कर. आधी ते वाक्य म्हण.

लोभ आहेच, धाक नसावा.
आबा