वैजयंतीने पाणी उकळले होते

मी, जगदेव नामदेव घुगे, वय ७२, राहणार किन्हीराजा, ता. मालेगाव, जि. वाशीम. डोके ठिकाणावर आहे, कोणाचा दबाव नाही. माझ्यामागे काय व्हावे ते लिहून ठेवतो.

१. घर व म्हशी पत्नी सोजरबाईच्या. पेरणीची तिफण आणि फवारणीचा पंप मुलगा हरीओमचा. पंप शेजारच्या राजपालने नेऊन फोडला आणि आजवर कबूल केलेले नाही, हेही नमूद करतो.

२. विहिरीजवळचे दोन एकर वैजयंतीला द्यावेत. ती हरीओमची पहिली बायको. तिची दोन महिन्यांची मुलगी या घरात निळी पडून गेली. "पोरीले हिनंच खाल्लं," म्हणत सोजरबाईने तिला केनवडला माहेरी धाडले. मी ओट्यावर बसून पाहत होतो.

३. दोष माझा होता. सोयाबीनच्या मुळांवर गाठी असतात. त्यांतले जिवाणू हवेतले नत्र ओढून झाडाला देतात, युरियाची फारशी गरजच नसते. मला हे ठाऊक होते. तरी दरसाल पोत्यांवर पोती टाकली, कारण पिकाला गर्द हिरवी काळोखी आली की जाणारे-येणारे गाडी थांबवून बघायचे. पिकाने घेतले तेवढे घेतले, काही हवेत उडाले. उरलेल्याचे मातीत नायट्रेट झाले आणि पावसाबरोबर विहिरीत उतरले. त्याला वास नाही, चव नाही.

वैजयंतीला दूध कमी यायचे. म्हशीच्या दुधात विहिरीचे पाणी घालून ती बाळाला पाजायची. पाणी दोनदा उकळायची. उकळल्याने नायट्रेट जात नाही, पाणी आटून उलट वाढते. तिचे काहीच चुकले नव्हते.

४. बाळ गेल्यावर महिन्याने पाणी तपासणीचा अहवाल आला. नायट्रेट मर्यादेच्या चौपट. कृषी सहायकाने समजावून सांगितले, अशा पाण्याने तान्ह्या बाळाचे रक्त प्राणवायू वाहून नेत नाही आणि बाळ निळे पडते. मी कागद सातबाऱ्याच्या पिशवीत दडवला आणि घरी सांगितले, विहिरीत साप मेलाय, नळाचे पाणी प्या. त्याला अकरा वर्षे झाली. हरीओमने दुसरे लग्न केले, वैजयंतीचे झाले नाही.

५. अहवाल सोबत जोडला आहे. जमिनीच्या आधी तो तिच्या हाती द्यावा. दोन एकरांनी काही भरून निघत नाही, हे मला कळते.

हे सोजरबाईला वाचून दाखवले. ती म्हणाली, "तुमाले मालूम होतं, तरी मले तिले बोलू देलं? आज जिते आहा ना, मंग कागद कायले? केनवडले जा अन् तिले तोंडानं सांगा."

केनवड लांब नाही. आठ दिवस झाले, मी गेलो नाही. म्हणून सही करतो.

जगदेव नामदेव घुगे

आमच्यासमक्ष सही केली:
१. रविकांत सानप
२. सेवादास राठोड

किन्हीराजा, १४ ऑक्टोबर २०२४