बाबांच्या खिशातलं कार्ड

१५ एप्रिल

आमच्या कारखान्यात वाफेचा नवा कंट्रोलर चालू झाला — एकदाचा! याच्या पोटात स्वतःचं काहीच नाही. कार्ड घाला, की जागा होतो. काढा, की नुसता डबा. त्याच्याशिवाय आंब्याच्या पल्पला वाफ मिळत नाही. गेल्या वर्षी कोणीतरी जुन्या यंत्रातले आमचे तापमानाचे आकडे पेनड्राइव्हवर उतरवून नेले, म्हणून हा खटाटोप. महिनाभर खपून कार्डातला प्रोग्राम मी लिहिला. कार्ड मात्र बाबांच्या खिशात. "मालक मी हाय गो अजून." हो, आहात! दुसरं कार्ड करून ठेवू म्हटलं, तर म्हणे चोराची सोय कशाला करतेस.

१६ एप्रिल

बाबांनी कार्डाची पूजा केली. हळद, कुंकू, वर पळीभर तीर्थ! दुपारपर्यंत मी स्पिरिट आणि कापूस घेऊन कुंकू पुसत बसले.

२ मे

बाबा मुरुडला मुंजीला गेलेत. कार्डही मुंजीला! इकडे आढीतला आंबा आजच काढायला हवा असा तयार. फोन केला. "हळू बोल, कोणतरी ऐकंल." एसटीच्या कंडक्टरकडे द्या म्हटलं, तर "त्याचा काय भरवसा?"

आंबे निवडणारी सुरय्या म्हणाली, "योगिनीताय, ह्ये काय मुंज आटपंपर्यंत थांबायचे नाय."

३ मे

नाहीच थांबले. निम्मा आंबा उतरला, खड्ड्यात गेला. बाबा आले ते खिसा चाचपतच. मी विचारलं, मला दिलं असतं तर?

"तू उद्या लगीन करून जाशील."

इतकं वाईट वाटलं! माझाच बाप, आणि मी कंडक्टरच्या रांगेत.

९ मे

कार्ड विनोदला दिलं!! माझा भाऊ. मुंबईत विमा विकतो, इथे सुट्टीत आंबे खायला आलाय. पठ्ठ्याने ते उलटं घुसवलं, वर अंगठ्याने दाबलं. अडकलं. बाबा म्हणाले, "शिकंल हळूहळू. तू दाखव त्याला." चिमट्याने काढलं, पुसलं, कसं घालायचं ते दाखवलं आणि त्याच्या हातात दिलं.

१० मे

नाटे गावातल्या पल्प कारखान्याला नोकरीसाठी होकार कळवला. सोमवारी रुजू. टेबल आवरताना बाबांनी विचारलं, "हितलं काय नेत नायस ना?" पिशवी उघडून दाखवली. जेवणाचा डबा आणि छत्री.

प्रोग्राम मला तोंडपाठ आहे.